ओवीवाल्या बाईंचा मुलतानी

बाई, बसस्टँडसमोर तुमचा फ्लेक्स लागला आहे. चांगला दोन दुकानांच्या रुंदीचा. त्यावर तुम्ही नऊवारीत आहात, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि खाली लिहिलंय, 'लोकगीतांची माउली हरपली'. कोण माउली? कोणाची माउली? जन्मात एकदा नऊवारी नेसलात, तीही शाळेच्या गॅदरिंगच्या पेटाऱ्यातली. नथ चापाची होती, कार्यक्रम संपेपर्यंत तुमचं नाक लालबुंद झालं होतं. मी भाजी घ्यायला गेले होते. तो फ्लेक्स बघितला आणि मेथीची जुडी तिथंच गाड्यावर विसरून घरी आले. घरी आमचे हे म्हणतात, "चांगला तर आहे फोटो." यांना काय, फोटोत माणूस सरळ उभं दिसलं की फोटो चांगला.

तेरावं झालं, पाहुणे गेले, मांडव निघाला. रडूनही झालं. आता नुसता राग उरला आहे आणि तो कुणाच्या दारात न्यावा कळत नाही, म्हणून तुमच्याकडे आणते. आयुष्यभर माझी भांडणं तुमच्याशीच झाली, आता कुठं नवीन माणूस शोधू? लिहिताना शुद्ध लिहिते आहे, नाहीतर तुम्ही मास्तरांच्या लेक, वर बसून चुका काढाल.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही मोठ्या जाऊबाई होतात आणि मला तुमची भयंकर भीती वाटायची. पंधरा दिवसांत तुम्ही मला माडीवर बोलावलंत. मला वाटलं, आता कामाची वाटणी होणार. तुम्ही पेटी पुढं सरकवलीत. "माहेरी शिकली म्हनते ना तू? वाजव." मी घाबरत घाबरत सारेगम वाजवलं. तुम्ही म्हणालात, "बरं आहे. मले पेटीवाली पाह्यजे होती, सासूबाईंनी सून पाह्यली. काम झालं." आणि हसलात. तुमचं ते हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तेव्हापासून मी तुमची.

खाली खता-बियाण्याचं दुकान, वर आपण दोघी. जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, आणि दुपार कलायला लागली की तुम्ही तंबोरा लावायच्या. गिऱ्हाइकाला बोलायला अडचण होते म्हणून सासरे खिडकी लावून घ्यायला सांगायचे. उन्हाळ्यात वर पत्रे तापलेले, खिडकी बंद, आणि आपण दोघी घामानं निथळत बसलेल्या. ती वेळ मुलतानीची. दुसरे राग तुम्हाला येत नव्हते असं नाही, विशारद झालेल्या तुम्ही, लग्नानंतरही मेहकरच्या गुरुजींकडं एस.टी.नं जाऊन-येऊन शिकलेल्या. पण तुमचा जीव मुलतानीत. मला म्हणायच्या, "शोभे, बाकीचे राग मले येतात. हा अजून येऊन नाही राह्यला." वरच्या मध्यमावरून खालच्या गंधारावर उतरायची एक जागा आहे त्यात. घसरत यायचं पण पडायचं नाही. त्या एका जागेसाठी तुम्ही किती दुपारी घालवल्या, मी कधी मोजल्या नाहीत. माझ्या मांडीला मुंग्या यायच्या. मी म्हणायची, झालं की हो बाई आता. तुम्ही म्हणायच्या, नाही झालं.

आणि मग ते पुण्याचे आले.

लोणारच्या विवराच्या काठावर गाण्याचा मोठा कार्यक्रम करायचा, आपलं शास्त्रीय संगीत आणि जगभरातलं संगीत एकत्र. पुण्याचा सतारवाला, स्पेनचा गिटारवाला, आफ्रिकेतला एक ढोलवाला. कार्यक्रमाला त्यांनी इंग्रजी नाव दिलं होतं, ते मला अजून धड म्हणता येत नाही. गावातली एक गायिका हवी होती, कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला निरोप आला त्या दिवशी तुम्ही पोळ्या करपवल्यात. तुमच्या हातून! मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आता लोक मला म्हणतात, त्यांचं जुन्या वळणाचं गाणं, असल्या मिसळीत त्या रमल्या नसतील. काही माहीत नसतं आणि बोलतात. मिसळीची तुम्हाला हौस होती! मोबाइलवर तुम्ही त्या स्पेनच्या माणसाची गिटार ऐकत बसायच्या, कानाला लावून, जसं कुणी माहेरचा फोन ऐकतं. मला म्हणालात, "पाह्य वं, याचा हा सूर अन् मुलतानीचा कोमल रिषभ शेजारी शेजारी राह्यतात. भेट नाही झाली कधी दोघांची." कार्यक्रम होता संध्याकाळी, उन्हं उतरताना. मुलतानीची वेळ अगदी. तुम्ही म्हणालात, "देवानंच वेळ काढून देल्ली." विलंबित किती वेळ, द्रुत किती, गिटार कुठून येईल, ढोल कुठं थांबेल, सगळं तुम्ही मनात बसवलं होतं. मला पेटीवर पुन्हा पुन्हा वाजवायला लावून त्या गिटारीची जागा ठरवली होती.

तो संयोजक पोरगा आला, अनिरुद्ध. चांगल्या घरचा, नम्र, पायाबिया पडला. तुम्ही त्याला चिवडा दिला आणि सांगायला लागलात, मी मुलतानी म्हणणार. तो गोड हसला. म्हणाला, "काकू, क्लासिकल आमच्याकडे आहे. तुमच्याकडून मला माती हवी आहे."

तुम्ही विचारलंत, "माती म्हंजे?"

"म्हणजे जात्यावरचं काहीतरी. तुमच्या आई-आजीच्या तोंडून ऐकलेलं. आणि हे तुम्ही बोलता ना, मले-तुले, हे स्टेजवर असंच ठेवा. फार गोड वाटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमची आई मास्तरीणबाई, ती चक्कीवर दळण टाकायची आणि तोवर पेपर वाचायची. जातं तुमच्या सात घरांत कुणी ओढलेलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मी ताटली उचलून आत गेले. आतून ऐकलं. तुम्ही म्हणालात, "हाव, चालते ना."

चालते ना! का चाललं बाई तुम्हाला? काऊन चाललं?

मग ओवी कुठून आणायची? तुम्हाला एक येत नव्हती. मला माझ्या आईच्या दोन-चार येत होत्या, त्यात सगळे देवधर्म आणि सासूच्या नावानं बोटं मोडणं. तुम्ही म्हणालात, "नको, ह्या सगळ्याइले माहीत आहेत." गॅसवर चटणीसाठी शेंगदाणे भाजत होतात. झारा फिरवता फिरवता ओठ हलायला लागले. दाणे खाली उतरवायच्या आत ओवी झाली:

खाऱ्या पान्याच्या शेजारी, गोड पान्याची वं धार
बाई सासरच्या घरी, मले माहेराचा आधार

आपल्या सरोवराचं पाणी खारं आणि काठावरच्या धारेचं गोड, हे तर गावातल्या पोराला माहीत आहे. पण दुसऱ्या ओळीला मी हसले. म्हटलं, बाई, सासरच्या घरात कुठून आला माहेराचा आधार? तुमचं माहेर तर मेहकरला. तुम्ही दाण्यांची टरफलं फुंकत म्हणालात, "तू आहेस ना वं." एवढंच. आणि सुपातली टरफलं माझ्या डोक्यावर उडाली म्हणून उलट मलाच ओरडलात, दूर उभी राहत जा म्हणून.

मला हे तेव्हाच पुरलं असतं, बाई. देवाशपथ सांगते. मला पुढचं काही नको होतं.

तुम्ही मला वचन द्यायला लावलंत, कुणाला सांगायचं नाही. "त्यांले जुनी पाह्यजे. ही आजची आहे म्हटलं तर घेनार नाहीत." मी तोंडाला कुलूप लावलं. स्टेजवर त्या पोरानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, ही ओवी शेकडो वर्षं या मातीत मुरलेली आहे. माझ्या शेजारी आपले भाऊजी बसले होते, तुमचे यजमान. तेसुद्धा मान हलवायला लागले! चटणी त्यांनी आदल्या आठवड्यात खाल्लेली.

आणि ते जातं. अख्ख्या गल्लीत चालू जातं एक नाही, शेवटी मागच्या आळीतून धुणं धुवायला टाकलेलं आणलं, घासूनपुसून स्टेजवर ठेवलं. त्यांना त्याची घरघर हवी होती, तालासाठी. तुमचा चेहरा बघूनच मला कळलं. रिकामं जातं फिरवू नये, घराला बरं नसतं, एवढं तर चक्कीवाल्यांच्या घरातही सांगतात. तुम्ही फिरवणार नव्हतात. सगळं अडून बसलं, तो ढोलवाला बिचारा काय झालं ते कळेना म्हणून आपला ढोल चाचपत उभा. मीच धावत शेजारच्या घरातून ओंजळभर ज्वारी आणली आणि जात्याच्या तोंडात टाकली. तुम्ही गायला लागलात, जातं फिरायला लागलं, आणि त्या लाल गालिच्यावर पीठ पडायला लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या पोरांना वाटलं काय कल्पना आहे! नंतर तिकडच्या पेपरात कुणीतरी त्या पिठावरच अख्खा परिच्छेद लिहिला म्हणे. अहो, ती ज्वारी होती. घराला बाधा नको म्हणून टाकलेली.

पण त्या कार्यक्रमातलं एक मी विसरत नाही आणि त्याबद्दल मी त्या लोकांना शिव्याही देऊ शकत नाही. दुपारी तयारीसाठी आपल्याला शाळेचा एक वर्ग दिला होता. तुम्ही सवयीनं तंबोरा लावलात आणि मुलतानीचे चार सूर लावलेत, घसा मोकळा करायला. तो स्पेनवाला दारात उभा राहिला. मग बाकावर बसला, त्या लहान पोरांच्या बाकावर, गुडघे छातीशी. गिटार काढली. तुमचा तो कोमल रिषभ त्याच्या गिटारीत बसत नव्हता. त्यानं तार ओढून ओढून तो शोधला आणि सापडल्यावर असा हसला की तुम्हीही हसलात. तुम्ही गंधाराकडे यायला लागलात, तो मागं मागं. मला पेटी वाजवायचंही भान राहिलं नाही. म्हटलं, आता होतंय, ज्याची तुम्ही वाट बघत होतात ते आता होतंय. तेवढ्यात त्यांची मेकअपवाली नऊवारी घेऊन आली. तुम्ही मधल्या सुरावर थांबलात आणि उठलात.

उठलात का? मी तुम्हाला हेच विचारत आले. कार्यक्रम झाल्यावर विचारलं, दिवाळीत विचारलं, अधिक महिन्यात तुम्ही अनारसे तळत होतात तेव्हा विचारलं. तुम्ही एकदाच सरळ उत्तर दिलंत. "शोभे, दरवाजा तर उघडला ना वं. एकदा आवाज कानावर पडला का मंग म्हनतील, बाई, तुमच्याजवळ आनखी काय आहे?"

कोणी म्हटलं? पुण्याहून बोलावणं आलं, ओवीसाठी. नागपूरहून आलं, ओवीसाठी. कुठल्यातरी लग्नात हळदीला बोलावलं, पिठाचं जातं आम्ही ठेवतो म्हणे! तुमचा तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर, बाया नाचतात त्यावर. तुम्ही प्रत्येक वेळी बॅगेशेजारी तंबोरा गवसणीत घालून ठेवायच्या आणि प्रत्येक वेळी तो घरीच राहायचा. मी म्हणायची, एकदा नाही म्हणा. एकदा म्हणून बघा, मी मुलतानी म्हणेन नाहीतर येणार नाही. तुम्ही म्हणायच्या, "तुले काय कळते? घरात बसून तुले जग कळते?" बाई, मला जग नाही कळत. मला तुम्ही कळत होतात.

मग मी म्हटलं, आपण मोबाइलवर घेऊन ठेवू. माझ्या लेकानं सगळं शिकवलं होतं, मी दुपारी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. तुम्ही तंबोरा खाली ठेवलात. "अजून तयार नाही तो." मी म्हटलं, तयार आहे. तुम्ही म्हणालात, मध्यमावरून येताना अजून घसरते. मी म्हटलं, नाही घसरत, मी इतकी वर्षं ऐकते आहे, आता नाही घसरत. तुम्ही हसलात. मोबाइल बंद करून माझ्या हातात दिलात आणि वर म्हणालात, "पुढच्या हिवाळ्यात पाहू."

हिवाळा आला बाई. तुम्ही कुठं आहात?

परवा नगरपरिषदेच्या सभागृहात श्रद्धांजलीची सभा होती. अनिरुद्ध पुण्याहून आला होता, खरंच रडला पोरगा, मला त्याचा रागही धड करता आला नाही. त्यानं सांगितलं की बाईंनी शतकानुशतकांची ओवी जपली, नाहीतर ती काळाच्या पोटात गेली असती. सगळे माना हलवत होते. मला म्हणाले, धाकट्या जाऊबाई, दोन शब्द बोला. मी उभी राहिले. वचन तुमच्याबरोबर गेलं, असं मी धरलं. म्हटलं, ही ओवी जुनी नाही. ही बाईंनी केली. माझ्यासमोर केली, गॅसवर शेंगदाणे भाजताना.

मग मागून गंगूआत्या उठल्या, त्या पाटलाच्या वाड्याजवळच्या. चांगल्या बाई, तुमच्या तेराव्याला सकाळपासून पुऱ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "नाही वं माय. तुले दुःखात सुचून नाही राह्यलं. ही तर माही आजी म्हने." आणि तिथंच डोळे मिटून म्हणायला लागल्या. पहिली ओळ तुमचीच. दुसरीत म्हणाल्या, बाई सासरच्या घरी, मले भावाचा आधार. आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. खोटं बोलत नव्हत्या हो! त्यांना खरंच आजी दिसत होती. शेजारच्या दोघी-तिघींनी सूर मिसळला. अध्यक्ष उठून म्हणाले, हेच लोककलेचं मोठेपण, की ती कुणा एकाची नसते. टाळ्या.

मी खाली बसले. बाई, तुम्ही त्या ओळीत मला घातलं होतं. त्यांनी मला काढून तिथं भाऊ बसवला आणि मला वर पाणी आणून दिलं, घे वं माय, घे.

ठीक आहे. ओवी गेली तर गेली. ती तुमची चटणीवरची करमणूक होती, नेऊ देत कुणी नेतं तर. पण दुसऱ्या दिवशी तुमची सून, पूजा, माडीवर आली. आवराआवर चालली होती. तंबोऱ्याकडं बघत म्हणाली, "काकू, आई ओवी सोडून अजून काय गायच्या हो? सगळे विचारतात आणि मला काही सांगता येत नाही."

तुम्ही म्हणत होतात ना, कुणीतरी विचारेल, तुमच्याजवळ आणखी काय आहे म्हणून? विचारलं बघा. तुमच्या घरातच विचारलं.

मी तिला बसवलं. मला गळा नाही, तुम्हाला माहीतच आहे, मी म्हणायला लागले तर मांजर पळतं. मी पेटी ओढली आणि मुलतानी वाजवायला घेतला. वेळही तीच होती. सगळे सूर बरोबर लागले. वरचा मध्यम लागला, खालचा गंधार लागला. आणि त्या दोघांच्या मधलं ते येणं, ज्यासाठी तुम्ही जन्म घालवलात, ते पेटीत नसतंच. एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची, मध्ये काही नाही. मी तीन वेळा वाजवून बघितलं. चौथ्यांदा भाता जोरानं मारला, जसं काही त्यानं येणार होतं. पूजा शहाणी पोर. म्हणाली, "छान आहे, काकू." आणि कपाटातल्या साड्या काढायला गेली.

छान आहे म्हणे. मी तिथंच बसून राहिले आणि मग मला तुमचा इतका संताप आला की मी मोठ्यानं बोलले, एकटीच, खोलीत. मी म्हटलं होतं तयार आहे. शंभरदा म्हटलं होतं. इतक्या वर्षांत तुमचा एकेक सूर कुणी ऐकला असेल तर मी. त्या पुण्याच्या पोरानं चिवडा खाता खाता नको म्हटलं, ते तुम्ही एका घासात खरं मानलंत. आणि मी तयार आहे म्हटलं तर हसलात. पुणं ऐकायला पाहिजे होतं, नागपूर पाहिजे होतं, जग पाहिजे होतं. मी समोर बसून ऐकत होते बाई, रोज. मी एकटी तुम्हाला पुरले नाही.